‘१५ दिवसांत ७ किलो’ : एका फिरत्या मेसेजला उत्तर

सध्या इंदूरच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतो आहे. भिशीचा ग्रुप असो, भजनी मंडळाचा असो की सोसायटीचा, सगळीकडे तोच. पोळी-भात पूर्ण बंद करा. सकाळी अनशापोटी कोमट पाण्यात लिंबू-मध घ्या. संध्याकाळी सातनंतर तोंडात काही घालू नका. भूक लागली तर तूप, दाणे, मलई, पनीर हवं तेवढं खा, साखर नाही म्हणजे वजन नाही. १५ दिवसांत ७ किलो चरबी जाईल आणि एकदा गेली की परत येणार नाही. आलीच तर तुमचा निग्रह कच्चा.

मी आहारतज्ज्ञ आहे. फोन पुढे करून “ताई, हे सुरू करू का?” असं विचारणाऱ्या बायका सारख्या येतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन सविस्तर लिहिते आहे.

आधी ते सात किलो. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. सात किलोच्या झाल्या जवळजवळ ५४,०००. त्या १५ दिवसांत जाळायच्या तर रोज ३,६०० कॅलरींची तूट पडायला हवी. घरकाम आणि थोडं चालणं करणाऱ्या मध्यमवयीन बाईचा दिवसाचा सगळा खर्चच १,८०० ते २,००० च्या आसपास असतो. म्हणजे तिनं पंधरा दिवस अन्नाचा कण घेतला नाही तरी हा हिशेब बसत नाही.

मग काटा खाली येतो तो कशानं? आपल्या यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा असतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. पोळी-भात थांबला की हा साठा उतरतो, पाणीही जातं आणि पहिल्याच आठवड्यात दीड-दोन किलो कमी दिसतात. नंतर एखाद्या लग्नात दोन वेळा नीट जेवलं की साठा भरतो आणि काटा वर चढतो. बाई घाबरते, पोळीला दोष देते आणि पुन्हा बंद करते.

पोळीवर एवढा राग धरण्यासारखं काही नाही. २०१८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ६०९ माणसं होती. काहींनी वर्षभर स्निग्ध पदार्थ कमी केले, काहींनी पिष्टमय. पहिल्यांचं वजन सरासरी ५.३ किलोनं उतरलं, दुसऱ्यांचं ६ किलोनं, आणि हा फरक दखल घेण्याजोगा ठरला नाही. मात्र आपल्या ताटात धान्य जास्त असतं हे खरं आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेनुसार दिवसाच्या ऊर्जेपैकी धान्यांतून ४५ टक्क्यांपेक्षा जास्त येऊ नये. तेव्हा तीन पोळ्यांच्या दोन करा, भाताची एक मूद कमी करा आणि तिथं मटकीची उसळ, घट्ट वरण, वाटीभर कोशिंबीर येऊ द्या. पोट भरलेलं राहतं आणि वर्षानुवर्षं पाळता येतं.

लिंबू-मधाबद्दल फार लिहायची गरज नाही. पाण्यानं किंवा लिंबानं चरबी वितळत नाही, आणि मोठ्या चमचाभर मधात साठेक कॅलरी असतात. चव आवडत असेल तर घ्या, औषध समजून नको.

“सातनंतर खाल्लेलं सगळं चरबीत जातं.” आपल्या शहरात हे पटकन पटतं, कारण समोर सराफा, म्हणजे रात्रीचा खाऊबाजार आहे. पण तिथं आपण जातो ते बहुतेक वेळा घरी जेवून. वर गराडू, खोबरा पॅटीस, मग हातभर जलेबा आणि मावाबाटी. वजन वाढतं ते या दुसऱ्या जेवणानं. २०२२ साली चीनमधल्या ग्वांगझूच्या संशोधकांनी १३९ स्थूल माणसांना सारखाच मोजका आहार दिला; निम्म्यांना तो सकाळी आठ ते दुपारी चार याच वेळेत खायचा होता, बाकीच्यांना वेळेचं बंधन नव्हतं. वर्षाअखेरीस दोन्ही गटांच्या वजनात लक्षणीय फरक निघाला नाही. लवकर जेवल्यानं कुणाला बरं वाटत असेल तर जरूर जेवावं. पण नवरा नऊला दुकानातून येतो, मुलं तेव्हाच जेवतात आणि आई मात्र सात वाजल्यापासून उपाशी बसून सगळ्यांना वाढते, हे मला बघवत नाही. तिनंही त्यांच्यासोबत बसून जेवावं.

“तूप-दाणे हवे तेवढे” हा सगळ्यांत फसवा भाग. पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनं यांत ग्रॅमला चार कॅलरी, तेला-तुपात नऊ. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत १७० च्या आसपास कॅलरी असतात. लहान दोन पोळ्यांएवढ्या. दाणे चांगलेच, पण टीव्हीसमोर डबा घेऊन बसलं की मूठ एकच राहत नाही. इथं इंदूरकरांनी आपल्या शेवेकडेही बघायला हवं. पोह्यांवर शेव, वरणावर शेव, काही नसेल तर पोळीत गुंडाळून शेव. तिच्या १०० ग्रॅममध्ये पाचशेच्या वर कॅलरी असतात. एकदा घरच्या काट्यावर, रोज पोह्यांवर घालता तेवढी शेव वाटीत काढून तोला. वाफेवरचे पोहे आपल्या जागी ठीक असतात. वरची शेव आणि सोबतची जिलबी मिळून न्याहारीचं जेवण करून टाकतात. तेलाचंही तसंच. महिन्याला घरात किती लिटर तेल येतं आणि खाणारी माणसं किती, एवढा हिशेब मी पहिल्याच भेटीत मांडायला सांगते.

आता शेवटचा दावा, ज्याचा मला खरा राग येतो. “परत वाढलं तर तुमचा निग्रह कच्चा.”

वजन उतरलं की शरीर ते परत मिळवायच्या मागे लागतं. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की दहा आठवडे अगदी कमी खाऊन वजन उतरवलेल्या माणसांत भूक वाढवणारी संप्रेरकं वर्षभरानंतरही चढलेली आणि तृप्ती देणारी उतरलेलीच होती. अमेरिकेत वजन घटवण्याच्या टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं, तो अभ्यास २०१६ चा. सरासरी ५८ किलो उतरवलेल्या त्या माणसांचं ४१ किलो परत आलं होतं, आणि विश्रांतीच्या वेळी त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. भूक जास्त, खर्च कमी. याच्याशी झगडणाऱ्या बाईला कच्च्या निग्रहाची म्हणणं हा अन्याय आहे.

टिकवणारी माणसंही आहेत. अमेरिकेत १९९४ पासून अशांची नोंद ठेवली जाते, किमान १३.६ किलो उतरवून वर्षभर टिकवलेल्यांनाच तीत जागा मिळते. त्यांतले बहुतेक न्याहारी करतात, आठवड्यातून एकदा तरी वजन बघतात आणि दिवसाला तासभर हालचाल करतात. म्हणून मी ७० किलोच्या बाईला सांगते, सहा महिन्यांत साडेतीन किलो. एवढ्यानंही साखर आणि रक्तदाब सुधारू लागतात. आणि जे ताट दिवाळीत, लग्नात, माहेरी गेल्यावरही थोडंफार सांभाळता येईल तेच आज वाढून घ्या.

एक गोष्ट तातडीची. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना पोळी-भात अचानक बंद केला तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते: घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, कधी शुद्ध हरपणं. शिवाय वजन फार झपाट्यानं उतरलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. तुमच्या ग्रुपातल्या कुणा काकूंनी गोळ्या चालू असताना हा प्रयोग सुरू केला असेल, तर त्यांना आजच फोन करा. आपल्या डॉक्टरांशी बोलेपर्यंत नेहमीचं जेवण घ्यायला सांगा.