‘गाडी दामटा, मिसिंग जाईल’: नाही जात

‘इंजिन मिसिंग करतंय? गॅरेजवाल्याकडून फसू नका! 6 घरगुती उपाय, 100% खात्री.’ या मथळ्याचा मेसेज गेले काही आठवडे फिरतोय. (मिसिंग किंवा मिसफायर म्हणजे चालू इंजिनातला एखादा सिलिंडर मधेमधे न पेटणं.) मला तो तीन ग्रुपवर आला आणि तिन्ही वेळा मी तो न वाचता सोडून दिला. चौथ्यांदा काकांनी पाठवला. खाली त्यांची ओळ होती: ‘तिसऱ्याची कॉइल बदलली. फरक पडला.’ म्हणजे तिसऱ्या सिलिंडरची; कॉइल प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवते. मी अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळा झालो. दोन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. ‘अरे, परत सुरू झालं बघ. चढाला झटके मारते, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. पण लुकलुकला तर चांगलं असतं म्हणे. आत्ताच हायवेला अर्धा तास दामटून आणली.’

तेव्हा कुठे मी तो मेसेज पहिल्यांदा नीट वाचला.

त्यात काय आहे ते थोडक्यात सांगतो. एक, मिसिंग म्हणजे 90 टक्के वेळा प्लग, सगळे बदला. दोन, स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड दाखवणाऱ्या यंत्रावर) पी0301, पी0302 असा कोड आला की शेवटचा आकडा सिलिंडरचा. त्या सिलिंडरची कॉइल गेली, नवी टाका. तीन, कोणता सिलिंडर मेलाय ते कळायला इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर उपटा. चार, दिवा लुकलुकत असेल तर तो ‘फक्त कार्बन’. अर्धा तास 4000 आरपीएमच्या वर चालवा, जळून जाईल. पाच, टाकीत इंजेक्टर क्लीनर (पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरची घाण काढणारं औषध) घाला, नसेल तर अ‍ॅसिटोन. सहा, जुन्या इंजिनला जाड ऑइल द्या.

चौथ्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्यांपैकी बहुतेकांनी फार तर पैसे आणि वेळ वाया जाईल. हा मुद्दा गाडीचा एक महागडा भाग जाळतो, आणि वर ‘चांगलं झालं’ असं सांगतो.

स्थिर पेटलेला चेक इंजिनचा दिवा आणि लुकलुकणारा दिवा, या दोन वेगळ्या सूचना आहेत. हे माझं मत नाही. कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्डाच्या ओबीडी-टू नियमाचं (गाडीने स्वतःचे दोष स्वतःच तपासण्याच्या नियमाचं) कलम 1968.2 उघडा. मिसफायरवर दोन वेगळ्या पाळती ठेवायला ते सांगतं. एक क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, दर 1000 फेऱ्यांची, प्रदूषण वाढतंय का ते बघायला. दुसरी दर 200 फेऱ्यांची, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा भाग) खराब होण्याइतकं मिसफायर होतंय का ते बघायला. ही दुसरी मर्यादा ओलांडली की मिसफायर चालू असेपर्यंत दिवा सेकंदाला एकदा लुकलुकला पाहिजे, आणि मिसफायर थांबलं की त्याने स्थिर पेटून राहायचं. युरोपच्या नियमातही अशा वेळी वेगळा, उदाहरणार्थ लुकलुकणारा, इशारा सांगितला आहे. म्हणजे दिवा लुकलुकतो त्याचा अर्थ एकच: या क्षणी तुमचा कन्व्हर्टर जळतोय. पाय उचला. त्यावर मेसेजवाले म्हणतात, पाय दाबा.

आत काय होतं ते बघा. ठिणगी पडली नाही की त्या सिलिंडरमधलं पेट्रोल आणि हवा दोन्ही न जळता सायलेन्सरच्या वाटेने निघतात. पुढे कन्व्हर्टर असतो: आत बारीक भोकांचं सिरॅमिकचं पोळं, त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ थर. जळायचं राहिलेलं पेट्रोल तिथे जळतं. नेहमीच्या कामात हे पोळं साधारण 400 ते 800 अंशांवर असतं, आणि ते ज्या कॉर्डिएराइटचं करतात ते 1450 अंशांच्या आसपास वितळतं. मधलं अंतर भरपूर वाटतं. पण 4000 आरपीएमला चार सिलिंडरच्या गाडीतला प्रत्येक सिलिंडर मिनिटाला 2000 वेळा पेट्रोल घेतो. त्यातला एक जरी न जाळता पुढे ढकलत असेल, तर किती पेट्रोल त्या पोळ्यात जाऊन पेटतं याचा हिशेब करा.

याहून वाईट गोष्ट सेन्सरची. न पेटलेल्या सिलिंडरमधून ऑक्सिजनही तसाच बाहेर येतो. कन्व्हर्टरच्या आधी बसवलेल्या सेन्सरला पेट्रोल दिसत नाही, त्याला दिसतो तो जास्तीचा ऑक्सिजन. तो कॉम्प्युटरला कळवतो, मिश्रण पातळ आहे. कॉम्प्युटर बिचारा सगळ्यांचं पेट्रोल वाढवतो. मेलेल्या सिलिंडरचंही. आगीत तेल म्हणतात ते हेच.

कार्बनबद्दल अर्धसत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. प्लगचं टोक साधारण 500 अंशांच्या वर गेलं की त्यावरची काजळी आपोआप जळते. रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणारी, कधी पुरती न तापणारी गाडी एखाद्या लांब फेरीनंतर हलकी वाटते, ते खरं आहे. पण ते दिवा न लुकलुकणाऱ्या गाडीसाठी. मिसफायर चालू असलेल्या इंजिनाला हा उपाय म्हणजे ताप चढलेल्या माणसाला पळायला लावणं.

आता दुसरा मुद्दा. हा मला जास्त छळतो, कारण काकांच्या बाबतीत तो निम्मा बरोबर निघाला.

पी0303 चा अर्थ ‘तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर आढळलं’ एवढाच. कॉम्प्युटरला हे कळतं कसं? क्रँकच्या दातेरी चाकासमोर एक सेन्सर असतो. प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकला धक्का बसतो आणि चाक किंचित वेग घेतं. धक्का आला नाही की ते तेवढ्यापुरतं रेंगाळतं. कॉम्प्युटर ते रेंगाळणं मोजतो. धक्का का आला नाही हे त्याला कळायला मार्ग नाही. ठिणगी नव्हती, पेट्रोल नव्हतं, की कम्प्रेशनच (सिलिंडरमधला दाब) नव्हतं, त्याच्या लेखी सगळं सारखंच. कॉइलच्या सर्किटचा दोष सांगायला पी0351 पासून पुढे वेगळे कोड आहेत. तिसऱ्या कॉइलला पी0353. काकांच्या स्कॅनरवर तो नव्हता.

कॉइल विकत घेण्याआधी फुकटात करायची गोष्ट म्हणजे अदलाबदल. तिसऱ्याची कॉइल पहिल्याला, पहिल्याची तिसऱ्याला. कोड पुसा, गाडी तशाच चढावर न्या. कोड पी0301 झाला तर दोष कॉइलसोबत सरकला. पी0303 च राहिला तर कॉइल सोडा, प्लगची अदलाबदल करा, मग इंजेक्टरकडे जा. एका वेळी एकच वस्तू हलवायची, नाहीतर काय कळलं तेच कळत नाही.

मी काकांकडे गेलो तेव्हा अदलाबदलीची वेळच आली नाही. तिसरी कॉइल, दोन आठवड्यांची नवी, वर ओढली तर तिच्या रबरी नळीवरून काळं ऑइल ठिबकत होतं. टॉर्च मारला: प्लगच्या विहिरीत बोटभर ऑइल. ते आधी चिंधीने टिपून काढलं, नाहीतर प्लग काढताच सगळं सिलिंडरमध्ये उतरलं असतं. प्लग बाहेर काढून पुसला. पांढऱ्या चिनी मातीवर वरपासून खालपर्यंत पेन्सिलने ओढावी तशी एक बारीक काळी रेघ होती. ठिणगीने टोकाकडे न जाता या रेघेवरून बाहेरच्या बाहेर पळ काढला होता. चढावर, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब जास्त असताना, टोकाशी उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं आणि मग ही चोरवाट सोपी पडते. म्हणून आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) गाडी ठीक आणि चढाला झटके.

म्हणजे कॉइल खराब झाली होती का? हो, पहिलीही आणि दुसरीही. मेसेज बरोबर. पण कॉइल मारत होतं ते वरून पाझरणारं ऑइल, आणि ते येत होतं टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनवरच्या झाकणाच्या, गॅस्केटमधून आणि प्लगच्या नळ्यांच्या सीलमधून. इतक्या वर्षांच्या उष्णतेने ते रबर प्लास्टिकसारखं कडक झालं होतं. काढताना तुकडे पडले. नवी कॉइल कोरडी होती म्हणून दोन आठवडे चालली. ‘फरक पडला’ तो एवढाच. सोबत इंजिनच्या पोटातले वायू बाहेर जाऊ देणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवून पाहिला तर वाजत नव्हता, चिकटला होता. तो चिकटला की इंजिनच्या पोटात दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या फटीतून बाहेर पडतं. तोही बदलला. एवढं न करता तिसरी कॉइल टाकली असती तर तिचेही दोनच आठवडे होते.

आणि अदलाबदल करून कोड हललाच नाही तर? इथे हा मेसेज गप्प आहे. कम्प्रेशन हा शब्दच त्यात नाही, आणि विषय म्हणे जुनं इंजिन! गरम इंजिनचे सगळे प्लग काढा, पेट्रोल बंद ठेवा, गेज लावून स्टार्टर फिरवा. आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. सर्वात कमी आकडा सर्वात जास्तीच्या पाऊणपटीखाली गेला तर काळजी करा. मग त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडलेले असतील तर मी आधी गॅस्केटवर संशय घेतो. गार असताना ठीक पण तापल्यावर आयडलिंगला एकच सिलिंडर मिस करत असेल तर टॅपेटची फट (व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा भाग यांच्यातली) फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, बघा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं सीटमध्ये खोल जात राहतो, फट संपते, आणि तापून लांब झालेला व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही. या दोषावर लोक प्लग-कॉइलचे संचच्या संच बदलतात.

तिसरा मुद्दा, वायरी उपटण्याचा. जुने मिस्त्री हे करायचे, मीही पाहिलंय. त्या गाड्यांना कार्बोरेटर होता, कन्व्हर्टर नव्हता. आताच्या वायरीत हजारो व्होल्ट असतात; हाताला बसला तर झटका, नाहीतर वाट न मिळालेली वीज कॉइललाच आतून फोडते. पेसमेकर बसवलेल्या माणसाने तर चालू इंजिनच्या या भागाजवळ हातही नेऊ नये. सिलिंडर बंद करून पाहायचाच असेल तर इंजेक्टरचं सॉकेट काढा, म्हणजे त्याचं पेट्रोलही थांबतं. काकांच्या गाडीला वायरी नाहीतच, प्रत्येक प्लगच्या डोक्यावर कॉइल आहे. नाहीतर त्यांनी हेही केलं असतं.

पहिल्या मुद्द्यातले 90 टक्के कुठून आले ते मेसेज सांगत नाही. प्लगची मुदत संपली असेल तर बदला, पण काढलेले फेकण्याआधी क्रमाने मांडून बघा. एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर तिथे कूलंट जातंय का ते पाहा. क्लीनरचं म्हणाल तर पॉलिईथरअमाइन असलेला चांगला क्लीनर इंजेक्टरची घाण काढतो, हे कबूल. फाटलेलं गॅस्केट तो शिवत नाही. अ‍ॅसिटोन मात्र टाकीत घालू नका, इंधनाच्या वाटेवरचे रबरी सील त्याने फुगतात. आणि जाड ऑइलने ठिणगी परत येत नाही, एवढंच.

गॅस्केट, सील, प्लग आणि अजून एक कॉइल, एवढ्यावर मिसिंग थांबलं. पी0303 परत आलेला नाही. पिकअप मात्र पहिल्यासारखा नाही, आणि आयडलिंगला गाडीखालून खुळखुळा हलवल्यासारखा आवाज येतो. कन्व्हर्टरवर रबरी हातोडीने हलकेच ठोकलं की आतले तुकडे ऐकू येतात. नवा कन्व्हर्टर बसवावा लागेल असं मी काकांना सांगितलं. ते वाकून थोडा वेळ ऐकत राहिले, मग म्हणाले, ‘कार्बन सुटलाय रे तो.’