‘पाणी खाडीत सोडा, भरतीत विरून जाईल’: या सल्ल्यात काय चुकतं

कोळंबीच्या तळ्यात पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला की एक सल्ला हमखास फिरतो: “हा तळ्यातला रोग. पाणी सोडायची झडप उघडा, भरती-ओहोटीत विषाणू विरून जातो. खाडीत कुठे मेलेली कोळंबी दिसते का?”

‘तळ्यातला रोग’? विषाणूला बांध कळत नाही. चिंबोरी (खाडीतला खेकडा) तो अंगात बाळगते आणि बऱ्याचदा मरतही नाही. ऑस्ट्रेलियात 2016 च्या अखेरीस ब्रिस्बेनजवळ लोगन नदीकाठच्या तळ्यांत रोग सापडला. 2017 मध्ये मोरटन उपसागरातल्या रानटी कोळंबीत आणि खेकड्यांतही विषाणू मिळाला. मग त्या भागातली कच्ची कोळंबीच नव्हे, गळाला लावायचे समुद्री किडेसुद्धा बाहेर नेण्यावर बंदी आली.

‘विरून जातो’ हे अर्धंच खरं. सुटा विषाणू पाण्यात विरळ होतो, तरी काही दिवस तग धरतो. पण खरा फैलाव होतो तो मरायला टेकलेली कोळंबी दुसऱ्या कोळंबीने किंवा खेकड्याने खाल्ल्याने, आणि झडपेतून नेमकी तीच बाहेर पडते. पुढच्या भरतीला शेजारी तेच पाणी आत घेतो.

‘मेलेली दिसत नाही.’ कशी दिसेल? तळ्यात लाखो कोळंब्या दाटीने असतात. 3 ते 10 दिवसांत 80 ते 100 टक्के मरतात. खाडीत त्या विखुरलेल्या असतात, आणि अशक्त झालेली कोळंबी मासे-चिंबोऱ्या लगेच फस्त करतात. तळ्यासारखी साथ तिथे सहसा भडकत नाही, हे मान्य. पण विषाणू वाहकांत टिकून राहतो. पावसाने खारेपणा एकदम उतरला की अंगातला विषाणू वाढतो.

औषध नाही. झडप बंद करा, पाण्यात हवा मिसळणारा एअरेटरही थांबवा. पाण्यात किमान 30 पीपीएम (दहा लाख भागांत 30 भाग) क्लोरीन हवं: एक हेक्टर, एक मीटर खोल तळ्याला 300 किलो, म्हणजे 30 टक्क्यांची ब्लीचिंग पावडर 1,000 किलो. आधी चुना टाकू नका. चुन्याने पाण्याचा पीएच (अल्कलीपणा) चढला की क्लोरीनचा जोर उतरतो. गाळ आणि मेलेली कोळंबीही क्लोरीन खाते, म्हणून मेलेली आधी काढा आणि खाडीपासून लांब चुना घालून पुरा. पाणी किमान आठवडाभर कोंडून ठेवा, क्लोरीन उतरल्याची चाचणी करा. जाळी, बादल्या, गमबूटही क्लोरीनच्या पाण्यात बुडवा. आणि वर पक्ष्यांसाठी दोऱ्या ताणा: बगळे-कावळे अर्धवट खाल्लेली कोळंबी शेजारच्या तळ्यात टाकतात.