आपली विमान कंपनी जगात पहिली कशी आणावी

तुमच्या देशाची राष्ट्रीय विमान कंपनी जगात सतराव्या नंबरावर आहे? खचू नका. विमानं वाढवायचा खर्चिक नाद सोडा आणि मोजपट्टी बदला. कर्ज काढावं लागत नाही.

‘मोठी म्हणजे काय?’ हा प्रश्न मात्र कुणाला विचारू देऊ नका. नुसती डोकी मोजली तर रायनएअरसारखी कंपनी भाव खाऊन जाते. छोट्या छोट्या फेऱ्या आणि २०२४-२५ या वर्षात २० कोटी प्रवासी! तुमचे प्रवासी थोडे पण लांबचे असतील, तर ‘प्रवासी-किलोमीटर’ धरा. पैसे भरलेला एक माणूस एक किलोमीटर गेला की एक. याच मापाने दुबईची एमिरेट्स, देशांतर्गत बाजार नावालाही नसताना, अमेरिकन, डेल्टा आणि युनायटेड या अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांच्या पंगतीला बसते.

डोकीच मोजायची हौस असेल तर लोकांना वाटेत विमान बदलायला लावा. एक आजोबा दोन वेगळ्या नंबरांच्या विमानांनी, मधले चार तास गळ्यात उशी अडकवून खुर्चीत पेंगत, मुक्कामी पोचले की आकडेवारीत दोन प्रवासी उमटतात. परतीसकट चार. थेट उड्डाण सुरू करून ही बरकत घालवू नका.

विमानं मोजताना हात सैल ठेवा. अमेरिकेत स्कायवेस्ट नावाची कंपनी अमेरिकन, डेल्टा, युनायटेड आणि अलास्का अशा चौघींच्या रंगात विमानं उडवते. ती कुणाच्या खात्यात धरायची? हा काय प्रश्न झाला? आपल्या!

तेही जमेना तर देश मोजा. टर्किश एअरलाइन्स सर्वाधिक देशांत जाण्याचा मान मिरवते. आठवड्याला एक फेरी गेली तरी देश अख्खा एक धरतात. मालवाहतुकीच्या वाटेला जाऊ नका, तिथे फेडएक्स बसली आहे, आणि तिला प्रवासी लागतच नाहीत.

शेवटचा उपाय म्हणजे ‘समूह’. जर्मनीच्या लुफ्तान्झाच्या समूहात स्वित्झर्लंडची स्विस, ऑस्ट्रियाची ऑस्ट्रियन आणि बेल्जियमची ब्रसेल्स या कंपन्या आधीच होत्या. इटलीची आलितालिया ऑक्टोबर २०२१ मध्ये थांबली, तिच्या जागी आलेल्या ईटाचा ४१ टक्के हिस्साही लुफ्तान्झाने जानेवारी २०२५ मध्ये घेतला. पाच देशांचे अभिमान, बेरीज एकच. आता तुम्ही म्हणाल, मग राष्ट्रीय बाण्याचं काय? त्याची सोय आहे. ईटाच्या निळ्या विमानांच्या शेपटीवर इटलीचा तिरंगा अजून तसाच आहे.