काकांची शिकस्त

सकाळपासून डोकं तापलं आहे. आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर सेक्रेटरी काकांनी लिहिलं, "पाण्यासाठी प्रयत्नांची शिकस्त केली आहे, सर्वांनी धीर धरावा." सत्तरी ओलांडलेला माणूस, नागपूरच्या उन्हात पाण्याच्या कार्यालयात चार चकरा मारून आलेला. त्याखाली तिसऱ्या मजल्यावरच्या पोट्ट्याचं उत्तर: "काका, शिकस्त म्हणजे हार. प्रयत्न हरले का तुमचे?" मग हसऱ्या चेहऱ्यांची रांगच लागली. दहा मिनिटांनी काकांनी मेसेज डिलीट केला आणि तोच मजकूर इंग्रजीत टाकला. ते इंग्रजी पाहून मला जास्त लागलं.

अबे, फारसीत शिकस्त म्हणजे मोडणं, हरणं. हिंदी-उर्दूतही हारच. पण मराठीत प्रयत्नांची शिकस्त म्हणजे करण्यासारखं काहीच उरू नये इतका प्रयत्न. तुला गझलेतली शिकस्त ठाऊक आहे म्हणून काकांची चूक ठरते काय?

माझी आत्या छिंदवाड्याला दिलेली. तिचे यजमान तिथे शाळामास्तर आणि शेताच्या धुऱ्यावरून शेजाऱ्याशी त्यांची कोर्टात केस चाललेली. मी सातवीत असेन. एक दिवस आतेभावाचं अंतर्देशीय आलं. तो हिंदी शाळेतला, पत्रही हिंदीतच: "पिताजी का राजीनामा हो गया. अब चिंता की कोई बात नहीं." आईने ते दोनदा वाचलं आणि चुलीपुढे बसूनच रडायला लागली. "बापाची नोकरी गेली आणि पोट्टं म्हणते चिंता नाही!" बाबांनी कुठून तरी पाचशे रुपये उसने आणले आणि पहाटेच्या गाडीने सावनेर, सौंसर करत छिंदवाडा गाठलं. दारात आत्या पेढे घेऊन उभी. तिकडे राजीनामा म्हणजे तडजोड. कोर्टातली केस मिटली होती!

आता सांगा, चूक कोणाची? राजी अरबी, नामा फारसी. राजी असल्याचा कागद. तिकडे तो कोर्टात गेला, आपल्याकडे नोकरीतून बाहेर पडला. गुजरातीतही राजीनामूं म्हणजे नोकरी सोडणंच. आणि 1956 पर्यंत नागपूर-छिंदवाडा एकाच राज्यात होते, राजधानी आपलंच नागपूर! तरी एका शब्दाने माझ्या आईला रात्रभर रडवलं.

तक्रारीचंही तसंच. अरबीत ती पुन्हा पुन्हा करणं, हिंदीत भांडण, आपल्याकडे गाऱ्हाणं. (काकांच्या चार चकरा बघता अरबी अर्थच खरा वाटतो.) आणि चेष्टा तर संस्कृतातून दोघांकडे आलेली. हिंदीत ती प्रयत्न, मराठीत थट्टा. म्हणजे काकांनी हिंदीतली चेष्टा केली आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून मराठीतली.

हो, मान्य, आपणही काही कमी नाही. "करून राहिलो" म्हणत मराठीत हिंदी कालवतो आणि पुण्याचा पाहुणा हसला की आपल्याला झोंबतं. मीसुद्धा मागे एका हिंदी भाषिक मित्राला "व्यस्त म्हणजे उलट, व्यस्त प्रमाण शिकला नाहीस का" म्हणून पार पिडलं होतं. तो बिचारा नुसता कामात होता.

त्या पोराचाही तसा राग नाही आता. मराठी घरातलंच आहे, शाळा इंग्रजी, गाणी हिंदी, त्याला शिकस्त कोण सांगणार? पण आतेभाऊही पोरच होता. त्याच्या पत्राला आमच्या घरात कोणी हसलं नव्हतं. बाबा तर येताना त्याच्यासाठी पेन घ्यायचं राहिलं म्हणून हळहळत होते.

मघाशी काकांना फोन केला. म्हटलं, काका, तुमचं बरोबर होतं, मेसेज परत टाका. म्हणाले, "जाऊ दे न बाप्पा. नळाला पाणी आलं का, ते पाहून सांग आधी."

पाहून आलो. नव्हतं आलं.