खुलासा: स्कॅनमध्ये डोकं हललं तर 'चालतं' का?

संशोधक विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय: 'एफएमआरआयमध्ये (मेंदूचा कोणता भाग कधी सक्रिय होतो ते टिपणाऱ्या स्कॅनमध्ये) डोकं हललं तरी हरकत नाही, सॉफ्टवेअर चित्रं जुळवून घेतं.' हे अर्धंच खरं आहे. जुळवणीने डोक्याची जागा सरळ होते, सिग्नलमधला बिघाड मात्र उरतो. 2012 मध्ये मेंदू-संशोधक जोनाथन पॉवर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की मिलिमीटरहून कमी हालचालीनेही मेंदूच्या जवळजवळच्या भागांतला संबंध (त्यांचे सिग्नल किती एकत्र चढतात-उतरतात ते) फुगलेला दिसतो, दूरच्या भागांतला घटलेला. लहान मुलं जास्त हलतात, त्यामुळे मेंदूत वयामुळे वाटलेला फरक निव्वळ चुळबुळीचाही असू शकतो! म्हणून प्रत्येक फ्रेममधलं (स्कॅनच्या एकेका चित्रातलं) डोक्याचं विस्थापन मोजून जास्त हललेल्या फ्रेम वगळतात (मर्यादा 0.2 मिमी की 0.5, हा वाद आहेच). कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याखाली हे टाका.