दार लावलं की बेडरूम

जुळे सोलापुरात टू बीएचके बघताय? छान. थोडे सल्ले देतो, फुकट आहेत.

टेप घरी ठेवून जा. साइटवरच्या पोराचा उगाच चेहरा पडतो.

सॅम्पल फ्लॅटमधला पलंग बघूनच खोली पसंत करा. तो पलंग कुणासाठी बनवलाय, विचारू नका.

'चिल्ड्रन्स बेडरूम' म्हणाले की मान डोलवा. पोरं लहान, खोली लहान, हिशोब बरोबर. आमची सात बाय आठ आहे. पलंग ठेवला की दार अर्ध्यावर त्याच्या पायाला थडकतं, म्हणून बारावीतला पोरगा अंग चोरून तिरका आत शिरतो. राष्ट्रीय इमारत संहिता (२०१६) म्हणते, घरात राहायच्या खोल्या दोन असतील तर एक किमान ९.५ चौरस मीटर, दुसरी ७.५. म्हणजे धाकटीसुद्धा ऐंशी चौरस फूट हवी. आमची छप्पन. पण घरात पाय ठेवायच्या आधी असलं काही वाचू नये, उत्साह जातो.

खिडकीचा तर आग्रहच धरू नका. आमची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या बोळात उघडते. वरच्यांनी फ्लश ओढला की पोराची समीकरणं वाहून जातात, खालच्यांनी फोडणी घातली की शिंका. एप्रिलात पारा बेचाळीसच्या पुढे गेल्यावर कूलर आणला. लावायचा कुठं? डक्टची हवा ओढून खोलीत सोडायची? अहो, डक्ट संडास-बाथरूमसाठी असते! उष्ण-कोरड्या भागात खोलीच्या जमिनीच्या निदान एक दशांश एवढी उघडी जागा बाहेरच्या हवेला हवी, हेही त्याच संहितेत आहे. सोलापूर यापेक्षा उष्ण-कोरडं अजून किती व्हायचं?

गेल्या आठवड्यात बिल्डरच्या ऑफिसात गेलो. त्यांनी शांतपणे मंजूर नकाशा उलगडला, बोट ठेवलं. "साहेब, इथं बघा. स्टोअर लिहिलंय. आम्ही कुठं बेडरूम म्हटलं?"

आणि खरंच लिहिलं होतं. स्टोअर ही राहायची खोली धरतच नाहीत, म्हणून तिला ना बेडरूमचं माप ना बेडरूमची खिडकी. पैसे मात्र बेडरूमचे घेतले. याला फसवणूक म्हणतात, दुसरा शब्द नाही.

पण तुम्हीही कमी नाही. चाटी गल्लीत चादर घेताना टोकाला टोक लावून बघता, सिंगल की डबल चारदा विचारता. आणि वीस वर्षं हप्ते भरायच्या घराचा नकाशा उघडत नाही? महारेरा, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, त्याच्या साइटवर तो असतो, फुकट दिसतो. खोलीवर काय नाव लिहिलंय तेवढं तरी वाचा! जाहिरात खोटी निघाली तर रेरा कायद्याच्या बाराव्या कलमाखाली भरपाई मागता येते. त्यासाठी ब्रोशर जपून ठेवा.

मी रद्दीत घातलं. खोलीत आता पाण्याचे दोन बॅरल आहेत, पोरगा हॉलमध्ये झोपतो.