उपक्रमाच्या जागेत विनाकारण बसू नये

रविवारी सकाळी सव्वासात वाजता पुण्याच्या सहकारनगरातील आमच्या बागेच्या मागच्या भूखंडात झाडलोटीसाठी कुलूप निघालेले दिसले, म्हणून मी आत शिरलो आणि नव्या कोऱ्या बाकावर टेकलो. बाकाचा गारवा जाणवतो न जाणवतो तोच शिट्टी वाजली. सुरक्षारक्षक काठी आपटत आला आणि म्हणाला, "आजोबा, इथं बसायचं नाही. ही उपक्रमाची जागा आहे." मला अठ्ठावन्नावे वर्ष लागले आहे आणि आजोबा म्हणण्याचा अधिकार ज्यांना आहे, ती मंडळी अद्याप जन्मास आलेली नाहीत, पण तो अपमान मी गिळला. बाकावर बसायचे नसेल तर बाकाचे काय करायचे असते, एवढेच विचारले. त्याने काठीने फलक दाखवला.

तो फलक मी उभ्याने, पूर्ण वाचला. वर ठळक अक्षरांत 'नागरीक उपक्रम केंद्र' असे लिहिले आहे. नागरिक या शब्दातला 'रि' ऱ्हस्व असतो, हे तिसरीतल्या मुलाला येते. ज्यांच्यासाठी केंद्र उभारले त्यांचेच नाव नीट लिहिता येत नसेल, तर पुढे वाचण्यात अर्थ नव्हता, तरी वाचले. खाली सोळा नियम आहेत. पळू नये, चेंडू आणू नये, मोठ्याने गाऊ नये, जमिनीवर रेघा आखू नयेत, खाद्यपदार्थ आणू नयेत, पूर्वपरवानगीशिवाय एकत्र जमू नये आणि अकरावा नियम असा, की 'विनाकारण बसू नये'. सकारण बसणे म्हणजे काय, हे मी सोमवारपासून शोधतो आहे. माणूस दमतो म्हणून बसतो, गुडघा दुखतो म्हणून बसतो, घरी पाहुणे आले आहेत म्हणूनही बसतो. यांपैकी कोणते कारण लेखी द्यायचे आणि त्याला डॉक्टरचा दाखला जोडायचा की नाही, हे फलकावर नाही. फलकाच्या तळाशी मात्र अमुक यांच्या संकल्पनेतून आणि तमुक यांच्या प्रयत्नांतून, असे हसऱ्या छायाचित्रांसह आहे. बाक ही कोणाची तरी संकल्पना असू शकते, हे या शहरात राहूनच कळते. शेजारी रात्री जांभळी होणारी 'आय लव्ह' वगैरे अक्षरे आहेतच. एखाद्या जागेवर प्रेम आहे हे विजेच्या बिलावर सांगावे लागणे, याची मला जन्मजात चीड आहे.

हा भूखंड बारा-तेरा वर्षे ओसाड होता. कारंजे बंद पडले, पंप कोणीतरी नेला आणि नंतर गाजरगवत माजले. या गवताची भारतातली पहिली नोंद १९५० च्या दशकात पुण्यातच झाली, त्यामुळे त्याला इथे मूळचा रहिवासी म्हणून राहण्याचा हक्क असावा. कुंपणाच्या तारेला एक भोक होते. त्या भोकातून संध्याकाळी वीस-पंचवीस मुले आत जात, फुटक्या कौलांची लगोरी रचत. कोरड्या हौदाच्या कठड्यावर चार आज्या शेंगा सोलत बसत. एक मुलगा तिथेच ढोलाचा सराव करून सगळ्यांच्या शिव्या खाई. शिरीषाखाली एका बाईंनी लोखंडी कपाटात जुनी पुस्तके ठेवली होती, ज्याला हवे त्याने न्यावे आणि जमल्यास परत आणावे. उपक्रम हा शब्द तिथे कोणीही कधी उच्चारला नाही.

आता भोक नाही, कपाट नाही आणि मातीही नाही. कुंपणापासून कुंपणापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले आहेत. ते शिरीषाच्या बुंध्याला इतके घट्ट भिडवले आहेत, की काल एका सांध्यात माझे नखही शिरले नाही. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष कायद्यात झाड तोडणे या शब्दांत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणेही येते. पण पाणी मुरू न देता झाडाला उभ्याने वाळवणे ही इजा आहे, हे पटवायला झाड मरावे लागते. हेच ब्लॉक पदपथावर दरवर्षी उखडून पुन्हा बसवले जातात, रस्ता डांबरी झाला की आठवड्यात खोदला जातो आणि बागा ऐन दुपारी, सावलीची गरज असते तेव्हाच, अकरा ते चार बंद ठेवल्या जातात. पेशवे पार्कातले प्राणी कात्रजला हलवले, तेव्हा निदान त्यांच्याकडून 'विनाकारण बसणार नाही' असे हमीपत्र तरी घेतले नसावे.

इथवर संतापाने लिहीत आलो आणि आता एक गोष्ट कबूल केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. या सर्वाची सुरुवात माझ्या अर्जाने झाली. पुण्यात २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेण्याची पद्धत आहे. त्या अर्जात मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिले होते, की 'सदर पडीक भूखंडाचा सर्वांगीण विकास करून तो नागरिकांच्या विविध उपक्रमांसाठी विकसित करण्यात यावा'. या वाक्यावर मी खूश होतो. बायकोला दोनदा वाचून दाखवले. ती म्हणाली, "चाललंय ते बरं चाललंय की, कशाला खाजवून खरूज काढताय?" एकशे बासष्ट सह्या मी दारोदार फिरून गोळा केल्या; त्यांतल्या चार सह्या त्या शेंगा सोलणाऱ्या आज्यांच्या आहेत. सध्या त्या जिन्याच्या पायऱ्यांवर बसतात आणि मी खाली उतरताना मुद्दाम पाय आखडत नाहीत. एका वाक्यात दोनदा विकास लिहिला आणि 'उघडा ठेवावा' हे दोन शब्द तेवढे राहून गेले.

तरी बसायचेच, या हट्टाने मी मंगळवारी परवानगीचा अर्ज आणला. तो तीन प्रतींत भरायचा असतो. 'उपक्रमाचे स्वरूप' या रकान्यात मी प्रामाणिकपणे 'बसणे' असे लिहिले. खिडकीतल्या बाईंनी यादी वर-खाली पाहिली आणि म्हणाल्या, "काका, बसणे यात नाही. योगासने आहे, व्याख्यान आहे, हळदीकुंकू आहे." (काका म्हटल्याबद्दल त्यांचे मनापासून आभार.) मी म्हटले, आसन म्हणजे तरी दुसरे काय? त्यांनी क्षणभर विचार केला आणि 'योगासने' या शब्दापुढे बरोबरची खूण केली. सहभागींची संख्या एक, अनामत दोनशे रुपये.

परवानगी आली आहे. गुरुवार, सकाळी साडेअकरा ते साडेबारा. त्या भूखंडाकडे जायचा एकमेव रस्ता बागेतून जातो आणि बागेला अकरा वाजता कुलूप लागते.